मदत हवी आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर कसे मिळवायचे?

आमचं गाव कोकणात, डोंगराळ भागात. प्राथमिक आरोग्य केंद्र ४ किलोमीटरवर, ग्रामीण रुग्णालय ३५ किलोमीटरवर, तेही घाट उतरून. वैद्यकीय अधिकाऱ्यांची २ पदं मंजूर आहेत, एक रिकामं. दुसरे डॉक्टर दिवसभर मनापासून काम करतात, पण संध्याकाळनंतर तालुक्याला परततात. निवासस्थान आहे, पण छप्पर गळकं. रात्री फक्त नर्सताई असतात. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकांना फुरसं (विषारी साप) चावलं, तेव्हा सर्पविषावरची लस केंद्रात होती, द्यायला डॉक्टर नव्हते. १०८ वेळेत आली म्हणून निभावलं. दर वेळी येईलच असं नाही.

आतापर्यंत केलेलं: ग्रामसभेचा ठराव, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना २ निवेदनं, 'आपले सरकार'वर तक्रार. उत्तर एकच, 'पद भरतीची कार्यवाही सुरू आहे.' ई-संजीवनी (डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला देणारी सरकारी सेवा) वापरून पाहिली, पण रेंज नाही, आणि दंशाला तिचा उपयोगही नाही.

डॉक्टरांविरुद्ध तक्रार करायची नाही, एकटा माणूस २४ तास कसा पुरणार? खासगी डॉक्टर जवळपास नाही. वर्गणी काढायची गावाची तयारी आहे, पण थोडीच.

ज्यांच्या गावात रात्रीची सेवा खरंच सुरू झाली, त्यांनी सांगा: निवासस्थानाची दुरुस्ती रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून होते की जिल्हा परिषदेकडेच मागावी लागते? आणि दुसरं पद भरेपर्यंत शेजारच्या केंद्रातले डॉक्टर रात्री आळीपाळीने मिळावेत, यासाठी अर्ज नेमका कोणाकडे करायचा?