मदत हवी आहे: बॉम जेझूचं १९३१चं टपाल तिकीट आणि गिलावा

पोर्तुगीज इंडियाच्या १९३१च्या संत फ्रान्सिस झेवियर मालिकेतलं, जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचं तिकीट माझ्याकडे आहे. तिकीट-प्रदर्शनात मांडायच्या माझ्या सोळा पानांपैकी एक पान त्यावर करतोय. १६०५ साली पूर्ण झालेलं हे बरोक शैलीचं चर्च आज लाल जांभ्याचं उघडं दिसतं, पण त्यावरचा गिलावा १९५०च्या दशकात काढला. म्हणजे तिकिटातलं चर्च गिलाव्याचं असणार. (दर्शनी भागाचा काळा दगड वसईचा म्हणतात, म्हणून आम्हा वसईकरांना जरा जास्तच माया!)

तिकीट एकरंगी, त्यामुळे भिंगाखालीही पृष्ठभाग कळत नाही. मोठं स्कॅन करून पाहिलं, नुसते छपाईचे ठिपके. नेटवर सापडलेले फोटो एकतर नंतरचे, नाहीतर साल नसलेले. तिकीट वापरलेलं आहे, शिक्का नेमका खालच्या दारावर बसलाय. किंमत विचारत नाहीये, विकायचंही नाही.

समोरून काढलेलं, गिलावा असतानाचं आणि शिक्क्यावरून साल नक्की करता येईल असं जुनं पोस्टकार्ड कुणाकडे आहे का? पुढची-मागची बाजू स्कॅन करून मिळाली तरी पुरे. आणि प्रदर्शनात तिकिटाशेजारी अशी स्कॅनची प्रत लावली तर परीक्षक गुण कापतात का?