पटाशीच्या दातावरचं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचा भराव) दुसऱ्या दिवशी उठून दिसतंय, नेमकं कुठे चुकलं?

प्रश्न (कराड, प्रॅक्टिसचं तिसरं वर्ष)
एकोणीस वर्षांचा कबड्डीपटू. चढाईत कोपर लागून वरचा डावा पटाशीचा दात, एकवीस नंबर, तिरका तुटलेला. नस उघडी नव्हती. रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावला, शेड (रंगछटा) घेतली, ए१ जुळली. दोन तास बसून कॉम्पोझिट केलं. खुर्चीत जोड शोधूनही सापडेना.

दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. बांधलेला तुकडा तेवढाच पांढरा, जोडावर तिरकी करडी रेघ. दात शेजारच्यापेक्षा रुंदही वाटतो. बोलावून मोजला तर दोन्ही साडेआठ मिलिमीटर! तो म्हणतो, "चालतंय की मॅडम." मला नाही चालत. कारण कळल्याशिवाय बर (कोरायचं फिरतं टोक) लावणार नाही.

उत्तर (कोल्हापूर, २२ वर्षं प्रॅक्टिस)
डॉक्टर, आधी डॅम आणि मग शेड, इथेच चुकलं. लाळेपासून वेगळा झाला की दात काही मिनिटांत सुकतो आणि पांढरा दिसायला लागतो. तुमची ए१ त्या सुकलेल्या दाताशी जुळली. रात्रीतून दात मूळ रंगावर आला, कॉम्पोझिट होतं तसंच राहिलं.

शेड पेशंट बसल्या बसल्या, ओल्या दातावर घ्या. नुसत्या शेड गाइडवर जाऊ नका, त्या पट्ट्या तुमच्या कॉम्पोझिटच्या नसतात. दोन-तीन शेड्सचे मसुराएवढे ठिपके एच न करता (आम्ल न लावता) दातावर ठेवा, लाइट मारा, फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. जो ठिपका दातात विरघळतो, तो घ्या. पिवळेपणातला थोडा फरक खपतो, उजळपणातला बोलण्याच्या अंतरावरूनही दिसतो.

माझ्याकडून हे एका मुलीच्या लग्नाआधी चार दिवस झालं. अल्बममध्ये फ्लॅशच्या प्रत्येक फोटोत तो दात वेगळा. तिने तक्रार केली नाही. मला मात्र तो अल्बम बघवला नव्हता.

रेघेबद्दल: बेव्हल (तुटलेल्या काठाला दिलेला उतार) किती दिला? डेन्टिन शेड (आतल्या थराची अपारदर्शक छटा) कुठे थांबवली?

प्रश्नकर्ती
बेव्हल अर्धा मिलिमीटर, सरळ. डेन्टिन शेड जोडापाशीच थांबवली.

उत्तर (कोल्हापूर)
मग जोडावर फक्त वरच्या थराची पारदर्शक एनॅमल शेड उरली आणि तोंडातला अंधार तिथून डोकावतोय. पुढच्या बाजूला दीड-दोन मिलिमीटरचा नागमोडी बेव्हल द्या, डेन्टिन शेड त्याच्या निम्म्यापर्यंत चढवा. कॉम्पोझिटची मागची, जिभेकडची भिंत चांगली असेल तर काढू नका.

उत्तर (पुण्यात लॅब, सिरॅमिक काम)
रुंदीचं सांगते. डोळा दात काठापासून काठापर्यंत मोजत नाही, पुढच्या दोन उभ्या कंगोऱ्यांमधला चकाकणारा भाग मोजतो. पेन्सिलचं शिसं आडवं धरून दोन्ही दातांवर हलकेच घासा, कंगोरे उमटतील. तुमचे बाहेर सरकलेले असणार. ते आत घ्या, काठाला हात लावू नका.

प्रश्नकर्ती (बारा दिवसांनी)
ओल्या दातावर ए२ निघाली, ए१पेक्षा जरा गडद. मागची भिंत ठेवून पुढचा थर नव्याने केला. पेन्सिल फिरवल्यावर दोन्ही कंगोरे खरंच बाहेर निघाले. आठवड्याने बोलावून खिडकीपाशी आणि फ्लॅशमध्ये फोटो काढले: रेघ नाही, रंग बसलाय. बाहेरच्या बाजूचा कंगोरा अजून जरा पुढे वाटतो. शुक्रवारी तो सरावानंतर येतोय, तेव्हा घासायची डिस्क फिरवेन.