‘बॅलेरिना’ हा शब्द नेमका कोणासाठी वापरावा?

प्रश्न : एका अंकासाठी मी ‘स्वान लेक’ या प्रसिद्ध युरोपीय बॅलेविषयी लेख लिहीत आहे. हंसिनींच्या रूपात जो मोठा समूह नाचतो, त्यातील प्रत्येकीला ‘बॅलेरिना’ म्हणावे काय? आणि राजपुत्राची भूमिका करणाऱ्या पुरुषाला काय म्हणायचे?

प्रतिसाद १ : समूहातील प्रत्येकीला तसे म्हणू नये, असे माझे मत आहे. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ ‘नाचणारी’ एवढाच असला, तरी झारकालीन रशियातील शाही रंगमंचांवर ‘बॅलेरिना’ हा एक दर्जा होता आणि समूहातून वर चढत मोजक्याच जणी तिथवर पोहोचत. त्याही वरची पदवी ‘प्रिमा बॅलेरिना अस्सोल्युता’. ती पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तिकेला मिळाली होती. १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ‘स्वान लेक’ नव्याने बसवले गेले, तेव्हा ओदेत (हंसिनी झालेली राजकन्या) आणि ओदील (तिची तोतया) या दोन्ही भूमिका तिनेच केल्या. एका पायावरच्या सलग ३२ गिरक्यांची प्रथाही या बॅलेत तिच्यापासूनच रूढ झाली. ब्रिटनमध्ये बॅले-नर्तिका मार्गो फॉन्टेन यांना ही पदवी १९७९ मध्ये, म्हणजे साठाव्या वर्षी मिळाली. समूहासाठी ‘कोर द बॅले’ ही फ्रेंच संज्ञा रूढ आहे. मराठीत ‘समूहनर्तिका’ पुरेसे आहे.

प्रतिसाद २ : वरील मताशी मी सहमत आहे, मात्र आजच्या नृत्यसंस्थांच्या कलाकार-यादीत ‘बॅलेरिना’ हा दर्जा सहसा आढळत नाही. लंडनच्या रॉयल बॅलेत सर्वोच्च कलाकार ‘प्रिन्सिपल’ असतो, मग तो पुरुष असो वा स्त्री. पॅरिस ऑपेरात खालून वर काद्रीय, कोरिफे, स्युजे, प्रमिए दांसर (स्त्रियांसाठी प्रमिएर दांसोझ) आणि ‘एतवाल’ म्हणजे तारा, अशी उतरंड आहे. खालच्या पायऱ्या परंपरेने स्पर्धापरीक्षेने चढाव्या लागतात, परंतु एतवालपद संचालकांच्या शिफारशीवरून जाहीर होते, आणि तेही पुष्कळदा प्रयोग संपल्यावर मंचावरच. कोरिफे हा शब्द ग्रीक नाटकातील वृंदाच्या म्होरक्यावरून आला आहे, हे नाटकवाल्यांना आवडेल. तेव्हा आजच्या कलाकाराविषयी लिहिताना तिच्या संस्थेतील दर्जाच द्यावा, हे उत्तम.

प्रतिसाद ३ : पुरुषासाठी इटालियनमध्ये ‘बॅलेरिनो’ आणि फ्रेंचमध्ये ‘दांसर’ आहे, राजपुत्राच्या धाटणीच्या भूमिका करणाऱ्याला ‘दांसर नोब्ल’ म्हणतात. मराठीत सरळ ‘बॅले-नर्तक’ लिहावे. जाता जाता एक सावधगिरी : आपल्याकडील जुन्या लेखनात ‘बॅले’ म्हणजे अनेकदा नृत्यनाट्य. नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या लिटल बॅले ट्रूपच्या ‘रामायणा’त कलाकार कळसूत्री बाहुल्यांसारखे हालत, पायांच्या बोटांच्या टोकांवर उभे राहण्याच्या युरोपीय तंत्राशी त्याचा काहीही संबंध नव्हता. त्या कलावतींना ‘बॅलेरिना’ म्हणणे सर्वस्वी चुकीचे ठरेल.