मदत हवी आहे: माघातल्या पहाटे आतल्या रस्त्यावर पुढचं चाक सुटतं, गाडीही लवकर चालू होत नाही

पहिली_पाळी

नमस्कार. रहिमतपूरजवळच्या एका गावातून सातारा एमआयडीसीत सकाळच्या पाळीला जायचं असतं. एकेरी 31 किमी, बहुतेक सगळा आतला रस्ता. 5:40 ला निघावं लागतं, त्यामुळे बहुतेक वाट अंधारात. गाडी 100 सीसी, 2016 ची, कार्बोरेटरवाली, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. पुढचा टायर 22 हजार किमी चाललेला. पहाटे 9-10 अंश, दुपारी 33.

अडचणी अशा:

1. शेतातून उसाच्या ट्रॉल्या डांबरीवर चढतात त्या दोन वळणांवर पुढचं चाक बाहेरच्या बाजूला सरकतं. वेग 35-40 असतो. दिवसा तिथंच काही होत नाही.
2. पहाटे 12-15 किका माराव्या लागतात. चालू झाली तरी पहिला किलोमीटर झटके देते.
3. काचेवर वाफ धरते. काच वर केली की डोळ्यांत पाणी येतं.
4. विनालाईटच्या ट्रॉल्या अगदी जवळ गेल्यावर दिसतात.

हवा रविवारी दुपारी पंपावर भरतो, पुढे 25, मागे 28. टायर बदलावा, की आणखी काही बघावं?

---

माण_खटाव

टायर बघाच, पण चाक सरकायचं कारण रस्त्यावर आहे. त्या वळणावर दिवसा उजेडी थांबून खाली वाका आणि हाताने चाचपून बघा. तीन थर सापडतील. सगळ्यात खाली ट्रॉलीच्या चाकांनी शेतातून आणलेली माती, वाळून पिठासारखी झालेली. त्यावर उसाची चिपाडं आणि कांड्यांचे तुकडे, चाकाखाली चेपून चपटे झालेले. सगळ्यात वर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. दिवसा पाचट खरखरीत असतं आणि टायरखाली चुरतं. पहाटे दव पडलं की तेच पान ओल्या प्लास्टिकसारखं होतं, खालची माती मेणासारखी होते आणि टायर डांबराला टेकतच नाही. म्हणून वेग तोच, वळण तेच, तरी दिवसा काही होत नाही.

यावर उपाय एकच: वेग वळणाच्या आधी उतरवायचा, वळणात नाही. 40-50 मीटर आधी गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक लावून 20-25 वर आणा, गिअर आधीच टाका आणि ब्रेक पूर्ण सोडून वळा. कललेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबला की वळायला लागणारी पकड ब्रेकच खातो. तुमचं चाक बहुतेक तिथंच सुटतंय. वळणात अ‍ॅक्सिलेटर किंचित, एकसारखा धरा. एकदम सोडलात तर वजन पुढे येतं आणि इंजिनच्या ओढीने मागचं चाकही सरकतं.

चाक सरकलंच तर हँडल आवळू नका. कोपर सैल, गुडघे टाकीला, नजर रस्ता जिथं सुटतो तिथं. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. मागचं सरकलं तर क्लच दाबा, चाक मोकळं फिरायला लागलं की गाडी सावरते.

आणखी एक. फेब्रुवारीत शेतीपंपांना रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात दारं धरलेली असतात, म्हणजे रात्रभर पिकाला पाणी सोडलेलं असतं. एखादा पाट फुटला की शेतातलं पाणी रस्त्यावर येतं. कोरड्या रस्त्यात मध्येच दहा-बारा फूट चिखल, आणि तोही सखल भागात, म्हणजे आपण उतारावर वेगात असतो तेव्हा. आपल्या रस्त्यावरच्या गावांत या आठवड्यात लाईट रात्रीची की दिवसाची, एवढं विचारून ठेवा.

---

खडीवरचा_स्वार

पुढची हवा 18-20 वर आणा. टायर पसरतो, पकड वाढते. मोकळ्या मातीत सगळे असंच करतात.

---

ग्रीस_आणि_पाना

हे करू नका. वाळूत, पूर्ण कच्च्या वाटेवर, 20 च्या वेगाने जायचं असेल तर ठीक. इथं रस्ता डांबरी आहे, वर चार बोटं कचरा आहे आणि मध्ये खड्डे आहेत. ट्यूबचा टायर 18 वर असताना खड्ड्याच्या काठावर आपटला की ट्यूब रिम आणि काठ यांच्यात चिमटते. मग शेजारी शेजारी दोन भोकं पडतात आणि हवा एकदम जाते. शिवाय ब्रेक लावताना टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. पुढच्या चाकाची हवा एका क्षणात जाणं सरकण्यापेक्षा वाईट.

आणि त्यांची हवा आधीच कमी आहे. दुपारी 33 अंशांत 25 भरली तर पहाटे 9 अंशांत तीच साधारण 22 भरते. 24 अंशांच्या फरकाला 3 पीएसआय जातात, गळती नसतानाही. पंपापर्यंत गाडी चालवत नेली असेल तर टायर तापलेला असतो, म्हणजे आणखी एक-दोन कमी धरा. हवा पहाटे, थंड टायरवर, स्वतःच्या गेजने मोजा. पेनासारखं साधं गेज चालतं. चेन कव्हरवरच्या किंवा मॅन्युअलमधल्या आकड्याला तेव्हा आणा. मागे कोणी बसत असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, तोही तिथंच लिहिलेला असतो.

टायरच्या बाजूला चार अंकी शिक्का असतो. 2319 असेल तर 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं आणि थंडीत ते आणखी घट्ट होतं. नख रोवून बघा. रबर दबत नसेल किंवा खोबणीच्या तळाशी बारीक तडे असतील तर बदला. खोबणीतल्या टीडब्ल्यूआयच्या (झीज दाखवणाऱ्या) उंचवट्यापर्यंत झीज आली असेल तर विचारच नको.

टायरच्या आधी कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या वाट्या-गोळ्या, तपासा. 22 हजारांत, खड्ड्यांच्या रस्त्यावर, तो गेलेला असण्याची शक्यता बरीच आहे. मेन स्टँड लावून कोणाला तरी मागच्या बाजूला दाब द्यायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचलेल. दोन बोटांनी हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मध्ये, सरळ जागी, खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोन सेट गेला. अशी गाडी वळणात बारीक दुरुस्ती करू देत नाही, सरळच ओढते. मग चाक खालून धरून पुढेमागे हलवा. टकटक जाणवली तर कोन सेट सैल. चाक वर-खाली धरून आडवं हललं तर बेअरिंग.

ड्रम ब्रेकबद्दल: रात्रभर दवात उभ्या गाडीच्या ड्रमला आत गंजाचा पातळ थर येतो. पहाटे पहिल्या एक-दोन ब्रेकांना तो पकडतो, म्हणजे हलका दाबला तरी चाक धरतं. घरापासूनच्या पहिल्या सरळ पट्ट्यात दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा हलके लावून तो थर घासून काढा, मग वळणं येऊ द्या.

---

ग्रीस_आणि_पाना

आता चालू न होण्याबद्दल, ते वेगळं लिहितो.

थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची. बहुतेकांची चूक अशी की चोक ओढतात आणि किक मारताना अ‍ॅक्सिलेटरही देतात. तो उघडला की पेट्रोल ओढणारा जोर कमी होतो आणि चोकचा उपयोग संपतो. क्रम असा ठेवा: पेट्रोलचा कॉक चालू, चावी बंद, चोक पूर्ण. तीन-चार किका सावकाश, फक्त पेट्रोल आत यायला. मग चावी चालू, अ‍ॅक्सिलेटरला हात न लावता एक पूर्ण किक. चालू झाली की अर्ध्या मिनिटाने चोक अर्धा, मग हळूहळू निघा आणि एखाद्या किलोमीटरात पूर्ण बंद. चोक विसरून दहा किलोमीटर गेलात तर प्लग काजळतो आणि दुसऱ्या दिवशी 15 किका.

एवढं करूनही जमलं नाही तर या क्रमाने जा. प्लग काढा. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर धुळीने भरलाय. ऊस चालू असताना फिल्टर एरवीच्या निम्म्या दिवसांत भरतो. मग कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घ्या. तळाशी पाण्याचे मणी दिसले तर झटक्यांचं कारण सापडलं. टाकी अर्धी रिकामी ठेवली की रात्री आतल्या पत्र्यावर दव धरतं, म्हणून हिवाळ्यात टाकी संध्याकाळी भरा. शेवटी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट. फार टाइट असले तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. ते इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे पहाटेच, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघायचे. गॅरेजला चालवत नेऊन गरम इंजिनावर बसवले तर काही अर्थ नाही.

---

शाळू_हुरडा

ट्रॉलीबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि जीव तिथंच जातो.

आकडे बघा. 50 च्या वेगाला गाडी सेकंदाला 14 मीटर जाते. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला तरी 14 मीटर गेले. मातकट, पाचट पडलेल्या रस्त्यावर थांबायला आणखी 33 मीटर. एकूण 47. 35 वॅटच्या हॅलोजनच्या डिपरमध्ये, म्हणजे खाली पडणाऱ्या झोतात, धुळकट, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली फारतर 30-35 मीटरवरून दिसते. म्हणजे 50 ला ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. 40 ला हाच हिशोब 32 मीटरचा येतो. समोरून गाडी येतेय आणि डिपर लावलाय, तर 40 ही वरची मर्यादा. 35 बरं.

ओळखायच्या खुणा. समोर एकच पांढरा दिवा दिसतो आणि तो जवळ येतोय असं वाटतं: बऱ्याचदा तो नांगरणीसाठी ट्रॅक्टरला मागे लावलेला लाईट असतो, चालकाने चालू ठेवलेला. ट्रॅक्टर तुम्ही जाताय त्याच दिशेने पुढे चाललाय आणि तुम्ही समोरून येणारी मोटरसायकल समजून वेग तसाच ठेवता. दिवा जमिनीपासून उंच असेल आणि रस्त्यावर त्याचा झोत पुढे पडत नसेल तर तो हाच. समोरून येणारा एकच दिवा मात्र एक हेडलाईट गेलेला ट्रॅक्टरही असू शकतो. डावा चालू की उजवा हे कळत नाही, म्हणून साईडपट्टीकडे सरकून जागा सोडा.

दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळणात ओव्हरटेक करायचा नाही, आतल्या बाजूने तर कधीच नाही. मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाही, आत कापत येते. बाजूला एक-दीड फूट बाहेर आलेला ऊस चेहऱ्याच्या उंचीवर असतो. चढावर मागे चिकटून राहू नका, मोळी सुटली की थेट अंगावर.

पाचट पेटवलेलं असेल आणि धूर रस्त्यावर उतरला असेल तर आत शिरू नका, अलीकडे थांबा. आत उभी असलेली गाडी शेवटच्या पाच मीटरपर्यंत दिसत नाही.

हेडलाईटचं: काच रोज ओल्या फडक्याने पुसा, धुळीने उजेड बराच घटतो. 35/35 वॅटच्या जागी 60/55 चा बल्ब घालू नका. वायरिंग तापतं, प्लास्टिकचा रिफ्लेक्टर वितळतो आणि 100 सीसीचं चार्जिंग पुरत नाही.

औंध-वडूज भागातून जाणाऱ्यांसाठी: फेब्रुवारीच्या शेवटापासून हरभरा, तूर रस्त्यावर मळणीला पसरतात. हरभऱ्याचे दाणे टायरखाली छऱ्यासारखे फिरतात. वळायचं नाही, ब्रेक नाही, सरळ आणि हळू. पार झाल्यावर थांबून चेनच्या चक्रात आणि सायलेन्सरजवळ अडकलेलं काड उपटून काढा. वाळलेलं काड सायलेन्सरवर पेटतं.

---

कराडकर_ताई

वाफेचं: नाकावर रुमाल बांधून हेल्मेट घालता का? तसं असेल तर श्वास वर काचेकडे जातो. रुमाल हनुवटीखाली घ्या. काच आतून धुऊन, भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब बोटाने पसरवा आणि कोरड्या सुती फडक्याने डाग जाईपर्यंत पुसा. तीन-चार दिवस टिकतं. काच एक खाच उघडी ठेवली तरी वाफ जाते आणि डोळ्यांत वारा येत नाही. ओरखडे पडलेली किंवा काळी काच पहाटे वापरू नका, समोरच्या लाईटचे फटाके दिसतात.

हात: 10 अंशांत 50 ने जाताना अंगाला 5-6 अंशांसारखं वाटतं, आणि बधिर बोटांनी ब्रेक किती दाबला ते कळत नाही. आधी पातळ प्लास्टिकचे हातमोजे, त्यावर लोकरी. वारा अडला की ऊब राहते. मफलरची टोकं जॅकेटच्या आत खोचा, मोकळी कधीच नाही.

---

पहिली_पाळी

सगळ्यांचे आभार. पहाटे मोजलं: पुढे 20, मागे 24. हँडल मध्ये खाचेत बसतंय, दोन बोटांना स्पष्ट कळतं. टायरचा शिक्का 0917. बाटलीत पाण्याचे दोन-तीन मणी दिसले. रुमाल नाकावरच बांधत होतो.

शनिवारी कोन सेट आणि पुढचा टायर दोन्ही करतो. नवा टायर लगेच त्या वळणांवर चालेल ना?

---

ग्रीस_आणि_पाना

पहिले 150 किमी तरी नाही. नव्या रबरावर साच्यातून काढताना लावलेला गुळगुळीत थर असतो. तो झिजेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही सांभाळून. शनिवारी बदलून रविवारी दुपारी, रस्ता कोरडा असताना, 60-70 किमी साध्या वळणांवर फिरवा आणि सोमवारी ती दोन वळणं 20 नेच घ्या. कोन सेटच्या वाट्या आणि गोळ्या दोन्ही नव्या घाला, जुन्या वाटीत नव्या गोळ्या नकोत. नट आवळल्यावर चाक उचललेलं असताना हँडल आपल्या वजनाने दोन्हीकडे पडलं पाहिजे. पडत नसेल तर जास्त आवळलाय, तिथंच सैल करून घ्या. 500 किमीनंतर एकदा पुन्हा तपासा, नव्या वाट्या बसतात आणि थोडी सैल पडते.