रेट सिंड्रोम: आईला दोष कशाला?
मुलगी दीड वर्षाची झाल्यावर येत असलेले शब्दही विसरली, हे आईकडून आलं का, असं अनेकदा विचारलं जातं. रेट सिंड्रोम (मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा जनुकीय आजार) असेल तर बहुतेकदा नाही. एक्स गुणसूत्रावरच्या एमईसीपी२ जनुकातला बिघाड सहसा नव्याने झालेला असतो, तोही बऱ्याचदा वडिलांच्या शुक्रपेशीत. (सासरी हे जरूर ऐकवा!) व्हिएन्नाच्या डॉक्टर आंद्रेयास रेट यांनी १९६६ साली हा आजार नोंदवला, जनुकाचा छडा १९९९मध्ये अमेरिकेतल्या जनुकशास्त्रज्ञ हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेत लागला. या आजारात हातात बिस्कीट धरणं सुटतं आणि हात सारखे एकमेकांवर चोळले जातात, कपडे पिळल्यासारखे. याचा व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. या मुलींची नजर मात्र बोलते. पाणी की दूध, दोन चित्रं समोर धरा आणि थांबा. उत्तराला वेळ लागतो.