लंडनला गेलेल्या जुन्या पाकिटांवर टीचा शिक्का आणि खोडलेलं एअरमेल लेबल, कुणाला कळतंय का?

माळ्यावरची_ट्रंक
नमस्कार मंडळी. माझे काका १९६० नंतर लंडनला शिकायला गेले आणि मग तिथेच नोकरीला लागले, आजोबा पुण्याहून त्यांना नेमाने पत्रं पाठवायचे, काकांनी ती सगळी जपून परत आणली आणि आता ती माझ्याकडे आलीत. बहुतेक पाकिटं साधीच आहेत पण दोन वेगळी वाटली. एक नोव्हेंबर १९६६ चं, त्यावर इंग्रजी टी अक्षराचा शिक्का, शेजारी हाताने अपूर्णांक लिहिलाय (आकडे पुसट झालेत) आणि ब्रिटनची 'पोस्टेज ड्यू' (म्हणजे कमी पडलेले पैसे वसूल करायची) छापलेली तिकिटं चिकटवलीत. दुसरं ऑगस्ट १९६७ चं, त्यावर टी नाही की ड्यूचं तिकीट नाही, पण एअरमेलच्या निळ्या लेबलवर दोन जाड आडव्या रेघा मारल्यात. ह्या पत्राच्या कोपऱ्यात काकांनी मिळाल्याची तारीख लिहिलीय ती चक्क ऑक्टोबरची. दोन्हीवर तिकिटं कमी लागली असणार एवढं कळतंय, मग एकावर दंड आणि दुसऱ्यावर काहीच नाही असं का? आणि पैसे कमी होते तर पहिलं विमानाने नेलंच कसं?

टपालवेडा
वा, दोन्ही पाकिटं अजिबात वेगळी करू नका, ती शेजारी ठेवून बघण्यातच मजा आहे. एकाच घरातून एकाच पत्त्यावर गेलेली आणि पोस्टाने दोघांचा निकाल वेगळा लावलाय.

तिकीट कमी लावलेल्या पत्राला आपल्याकडे नॉटपेड म्हणतात तेच हे, फक्त देशाबाहेरचं. परदेशी टपालाचे नियम युनिव्हर्सल पोस्टल युनियनचे, ही संस्था १८७४ मध्ये बर्नला स्थापन झाली, आणि तिकडचा कारभार फ्रेंचमध्ये म्हणून 'टॅक्स'चा टी. हा शिक्का निघणाऱ्या देशातलं पोस्ट मारतं म्हणजे पलीकडच्या पोस्टाला कळतं की घेणाऱ्याकडून वसुली करायचीय. पण विमानाच्या पत्राला त्याआधी एक प्रश्न सुटावा लागायचा, की हे विमानात चढवायचं का नाही. नियम असा होता की समुद्री टपालाच्या दरावर विमानाचा जो जादा आकार असतो त्याचा निदान ७५ टक्के भरलेला असेल, किंवा दोन्ही मिळून एकच दर असेल तर त्याचा निदान ५० टक्के, तर पत्र विमानानेच पाठवायचं आणि कमी पडलेलं घेणाऱ्याकडून घ्यायचं. त्याहून कमी असेल तर पत्र बोटीने, आणि मग लेबलवर दोन जाड आडव्या रेघा मारून ते रद्द करायचं, म्हणजे पुढे कुणी चुकून विमानाच्या थैलीत टाकू नये.

आता तुमचं दुसरं पाकीट बघा. विमानाला पैसे पुरले नाहीत पण बोटीच्या दराला पुरून उरले, म्हणून थकबाकी शून्य आणि टी नाही. मला हा नियम फार न्याय्य वाटतो, पत्र अडकवून ठेवायचं नाही, जेवढे पैसे भरलेत तेवढ्यात ते पुढे पोचवायचंच.

अपूर्णांक_पूर्णांक
अपूर्णांकाबद्दल मी सांगतो कारण ह्यावर मी बराच वेळ घालवलाय. १९६५ पर्यंत टीच्या शेजारी एकच आकडा असायचा, तो म्हणजे कमी पडलेल्या रकमेची दुप्पट, आणि ती सुद्धा सोन्याच्या फ्रँकच्या सेंटिममध्ये (फ्रँकचा शंभरावा भाग). असा फ्रँक कुणाच्या खिशात नसायचा, तो निव्वळ हिशेबाचा, १०/३१ ग्रॅम वजनाचा आणि ९०० कसाच्या सोन्याचा धरलेला. भारतातल्या कारकुनाने आण्याचे किंवा पैशाचे सेंटिम करायचे आणि लंडनच्या कारकुनाने सेंटिमचे पेन्स करायचे, दोनदा बदल. मग युनियनच्या १९६४ च्या व्हिएन्नातल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे परिषदेत, पद्धत बदलली आणि १ जानेवारी १९६६ पासून अपूर्णांक आला. वरचा आकडा वसुलीचा, खालचा पाठवणाऱ्या देशाचा परदेशी पत्राचा वजनाच्या पहिल्या टप्प्याचा दर, दोन्ही पाठवणाऱ्याच्याच चलनात. पलीकडच्या कारकुनाने त्या अपूर्णांकाला आपल्या देशाच्या तशाच दराने गुणायचं, की झालं. समजा वर ३० आणि खाली ६०, म्हणजे अर्धा, आणि तिकडचा दर ८ पेन्स असेल तर वसुली ४ पेन्स. रुपया-पौंडाचा भाव बघायची गरजच नाही, इतकी सुंदर युक्ती आहे ही. तुमचं पाकीट नोव्हेंबर १९६६ चं म्हणजे नवी पद्धत सुरू होऊन वर्षही झालेलं नव्हतं. पुसट आकडे तिरप्या उजेडात धरून बघा, पेनाचा दाब दिसतो बऱ्याचदा, आणि खालचा आकडा सापडला तर भारताचा त्या वेळचा दरच हातात येईल.

बोटीवरचा_पोरगा
ऑगस्ट ते ऑक्टोबर का लागले ह्याचं उत्तर बहुतेक सुएझमध्ये आहे!! जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद झाला तो जून १९७५ पर्यंत उघडलाच नाही. म्हणजे एरवी मुंबईहून एडन, सुएझ, भूमध्य समुद्र असं गेलं असतं ते पत्र केप ऑफ गुड होपला वळसा घालून, अख्ख्या आफ्रिकेला प्रदक्षिणा घालून गेलं असणार. आधीच बोटीवर उतरवलेलं आणि त्यात ही वाट. त्या लेबलवरच्या दोन रेघांची किंमत काकांना किती आठवड्यांनी मोजावी लागली बघा, घरच्या पत्राची वाट बघणाऱ्या माणसाला हे फार जड जातं हो.

मांडवीकाठ
इकडे थोडी गोव्याची भर. ब्रिटनने ड्यूची तिकिटं १९१४ मध्ये काढली, पण भारतीय पोस्टाने नॉटपेडसाठी अशी वेगळी तिकिटं कधी काढलीच नाहीत, आपल्याकडे शिक्का मारून रक्कम हाताने लिहायची आणि पोस्टमन रोख घ्यायचा. त्यामुळे पुण्यात आलेल्या नॉटपेड पाकिटावर तिकीट शोधत बसू नका, निळ्या-लाल पेन्सिलीने लिहिलेली रक्कम शोधा. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळात १९०४ पासून ह्या कामाची तिकिटं होती. शेजारी शेजारी राहून दोन पद्धती.

टपालवेडा
बरोबर. आणि एक राहिलं, काही काळ ही भानगडच नव्हती. १९३८ मध्ये एम्पायर एअर मेल योजना भारताला लागू झाली, तेव्हा भारत-ब्रिटन पत्रं जादा आकार न घेता विमानानेच जायची, दर अर्ध्या औंसाला अडीच आणे. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि योजना बंद पडली. पुढे एरोग्राम (घडी घालून पाकीट होणारं एका कागदाचं हवाईपत्र) आले, ते स्वस्त, पण आत काही घालायला बंदी. लोक तरी फोटो नाहीतर राखी सरकवायचेच आणि मग ते पकडलं गेलं की अडचण.

माळ्यावरची_ट्रंक
मंडळी खूप खूप आभार, तिरप्या उजेडात खालचा आकडा थोडा दिसला, वरचा नाही. आणि एक कळलं, १९६७ च्या पाकिटात आजीच्या हातचं वेगळं पत्र आणि एक फोटो पण आहे, म्हणजे वजन तिथेच वाढलं असणार. ड्यूची तिकिटं सुटायला आलीत, परत चिकटवू का?

अपूर्णांक_पूर्णांक
नका, डिंक, सेलोटेप, लॅमिनेशन काहीही नको. सुटलं तर त्याच पाकिटासोबत आम्लरहित कागदाच्या खिशात ठेवा, आणि त्याआधी दोन्ही बाजूंचे स्कॅन घ्या, मागच्या बाजूचा तर नक्कीच. पत्र आणि फोटोसुद्धा पाकिटासोबतच राहू द्या, वजन का वाढलं ह्याचा पुरावा तोच आहे.