मदत हवी आहे: 'बोलेरो' मध्येच बेसूर होतो, फाइल बिघडली आहे का?

फ्रेंच ऑर्केस्ट्राच्या लोकप्रिय रचनांचा नवा अल्बम घेतलाय. फ्लॅक (दर्जा न गमावणारा फाइलप्रकार), २४ बिट/९६ किलोहर्ट्झ. राव्हेलचा 'बोलेरो' १५:३० चा आहे. ६:४५ च्या सुमारास धून दोन-तीन पट्ट्यांत एकदम वाजल्यासारखी बेसूर होते, ७:२५ नंतर आपोआप सुधारते. फाइल पुन्हा उतरवली, तरी तेच.

शिवाय सुरुवात हेडफोनवर ऐकूच येत नाही आणि आवाज वाढवला तर शेवटी कान किटतात. व्हीएलसी प्लेयरचा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून मंद-मोठ्यातला फरक कमी करणारी सोय) आहे तसाच चालू केला, तर स्नेअर ड्रमच्या ठोक्यागणिक बासरी दबते.

खर्ज_पंचम:
फाइल चोख आहे. ते राव्हेलनेच (१९२८) लिहून ठेवलंय. धुनेची ही नववी फेरी, माप (स्वरलिपीतला तालाचा एक ठरावीक भाग) १४९ पासून. सी मेजरमधली धून फ्रेंच हॉर्नवर, सेलेस्टा (घंटीसारखं वाजणारं पट्ट्यांचं वाद्य) तीच वरच्या सप्तकांत, आणि दोन पिकोलोंपैकी (छोट्या, तीव्र बासऱ्या) एक जी मेजरमध्ये, दुसरा ई मेजरमध्ये. सी ला षड्ज धरलं तर जी पंचम, ई गंधार. तानपुऱ्याच्या खर्जातून पंचम आणि स्वयंभू गंधार निघतात ना, तेच तिसरे आणि पाचवे स्वरांश (खर्जाच्या तिप्पट आणि पाचपट कंपनांचे सूर) इथे वेगळ्या वाद्यांनी वाजवलेत. जमलं तर पिकोलो वेगळे ऐकू न येता हॉर्नचाच रंग बदलतो.

फिसकटतं ते दोन कारणांनी. पिकोलो हॉर्नपेक्षा बरेच हळू हवेत. ते वर आले की तीन धुना सुट्या होतात. आणि गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला नसेल तर मिसळत नाही. तुमचा इक्वलायझर बघा, ट्रेबल (उंच सूर) चढवलेला असेल तर आधी सपाट करा.

डेसिबेल:
आवाजाचं: आधी १४:५० वर जा. तिथे रचना अचानक ई मेजरमध्ये उडी मारते. तो भाग सोसवेल इतका आवाज ठेवा, मग सुरुवातीपासून लावा आणि बटणाला हात लावू नका. शांत खोलीत हेच पुरे. लोकलमध्ये सुरुवात बुडणारच, कारण स्नेअर, बासरी सगळंच अतिमंद लिहिलंय.

प्रवासासाठी कॉम्प्रेसर चालेल, पण मूळ सेटिंगने नाही. त्यातला रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) १०० मिलिसेकंद असतो, म्हणून ठोका संपला की बासरी झटकन वर येते, पुढच्या ठोक्याला पुन्हा खाली. थ्रेशोल्ड (ज्या पातळीवर दाब सुरू होतो) –३० डेसिबेल, रेशो (दाबाचं प्रमाण) २:१, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) १०० मिलिसेकंद, रिलीज ८००, मेकअप गेन (शेवटी सरसकट वाढ) १० डेसिबेल ठेवून बघा. सर्वात मोठा आवाज १५ डेसिबेलने दबून १० ने चढेल, मंद भाग सरळ १० ने वर येईल. स्ट्रीमिंग अॅपमधल्या नॉर्मलायझेशनने हे सहसा होत नाही. ते अख्ख्या ट्रॅकला एकच वाढ देतं, आतला फरक तसाच राहतो.

धागाकर्ता:
ट्रेबल +६ वर होता! सपाट केल्यावर ६:४५ ला पिकोलो मागे गेले, हॉर्न पुढे आला. ई मेजरचा पिकोलो अजून किंचित टोचतो.

खर्ज_पंचम:
तो टोचणारच. फ्रेंच संगीतकार सेन-साँसचा 'दांस माकाब्र' लावाल तेव्हाही फाइलला दोष देऊ नका, तिथे एकल व्हायोलिनची वरची तार मुद्दाम अर्धा स्वर उतरवलेली असते.